मदत हवी आहे: तीस हजारांत एकच लॅपटॉप. क्रोमबुक, लिनक्स की वापरलेला विंडोजवाला?

नमस्कार मंडळी,

बार्शीहून लिहितेय. मुलगी यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, सोबत टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) क्लास लावलाय. मी घरी मराठी टायपिंगची कामं घेते: आसपासच्या ग्रामपंचायतींची इतिवृत्तं, लग्नपत्रिकांचा मजकूर, वकिलांकडचे मसुदे. घरातला डेस्कटॉप बारा वर्षांचा, विंडोज सेव्हनवरचा. गेल्या महिन्यात तीनदा मधेच बंद पडला, एकदा टाइप केलेली नऊ पानं गेली आणि रात्री जागून ती पुन्हा बडवावी लागली. भिशी लागलीय, त्यातले तीस हजार बाजूला काढलेत. दोघींत एकच मशीन घ्यायचंय आणि ते चार-पाच वर्षं तरी टिकायला हवं. एवढे पैसे परत लगेच उभे राहणार नाहीत, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही असं ठरवलंय.

सोलापुरात दुकानं फिरून आले. तीन मशीनवर गाडी अडलीय.

एक नवं क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप), एकवीस हजार. चार जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. मुलीला बघताक्षणी आवडलं. हलकं, झाकण उघडलं की चालू, पंख्याचा आवाज नाही. मी पेनड्राइव्ह सोबत नेला होता. त्यातली एका ग्रामसभेची फाइल उघडायला सांगितली. उघडली, पण 'ग्रामसभा' हवं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. पानभर तेच. तक्त्याच्या रेघा तेवढ्या जागच्या जागी होत्या. पोटात गोळाच आला. माझ्याकडे बारा वर्षांच्या अशा फायली आहेत आणि जुन्या ठरावाची नक्कल मागायला लोक अजून येतात.

दुसरा नवा लॅपटॉप, आय-थ्री १२१५यू, आठ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, एकोणतीस हजार. पण डॉसवर येतो, विंडोज नाही. "विंडोज मी टाकून देतो मॅडम, त्याचे पैसे नाहीत," दुकानदार म्हणाला. तसलं मला नको. लोक खरेदीखतांचे मसुदे माझ्याकडे विश्वासाने देतात, ते क्रॅक केलेल्या मशीनवर ठेवायला मन धजत नाही. अधिकृत विंडोज घ्यायचं तर वर दहा हजारांच्या घरात. भाचा म्हणतो विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाक, फुकट आहे आणि चोख आहे.

तिसरा कंपनीतून निघालेला, साफसूफ करून विकायला ठेवलेला. आय-फाइव्ह, आठ जीबी, २५६ एसएसडी, विंडोज ११, बावीस हजार, सहा महिन्यांची वॉरंटी. कीबोर्ड मात्र मनात भरला. कळा खोलवर दाबल्या जातात, टाइपरायटरवर चाळीसची परीक्षा दिलेल्या बोटांना लगेच सरावाचा वाटला. पण दुसऱ्याने वापरलेली वस्तू, आत काय झिजलंय कोण जाणे.

टॅली आणि माझं जुनं टायपिंग सॉफ्टवेअर (यूएसबी डोंगलवालं, म्हणजे ती छोटी चावी मशीनला लावली तरच चालणारं) या दोन्ही गोष्टी कशावर चालतील? आणि वापरलेला घेणं शहाणपणाचं आहे का?

प्रतिसाद १

ताई, मशीन जरा बाजूला ठेवा. तुमच्या घरातली दोन कामं विंडोजला बांधलेली आहेत, तिथूनच निवड होते.

टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायची खटपट लोक करतात, पण परीक्षेच्या आदल्या रात्री ते अडलं तर मुलीने कुणाला विचारायचं? क्रोमबुकवर तर ते थेट बसतच नाही. लायसन्सचा खर्च सध्या करू नका. एज्युकेशनल मोड फुकट आहे, त्यात १, २ आणि ३१ या तारखांच्याच नोंदी करता येतात. शिकायला तेवढं पुरतं.

आता तुमची ग्रामसभा. जुन्या फॉन्टमध्ये 'ग' हे अक्षर म्हणून साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजीची अक्षरं आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणजे फाइल खराब झालेली नाही, जिवाला घोर लावून घेऊ नका. फॉन्ट टाकला की लिनक्सवरही ती लिबरऑफिसमध्ये वाचता येईल. अडतं ते नवं टाइप करायला, कारण तुमचं सॉफ्टवेअर आणि डोंगलचा ड्रायव्हर विंडोजचा आहे.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं मिंटवर आहे आणि मनापासून सांगतो, फक्त ब्राउझर, ऑफिस आणि कोडिंग असतं तर भाच्याचंच ऐका म्हटलं असतं. मराठीला इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड मांडणी) आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबून) दोन्ही मिळतात. पण तुमच्या बोटांना टाइपरायटरची मांडणी बसलीय. ती सवय मोडायला महिने जातात आणि तोवर रोजचं काम अर्ध्यावर येतं. तुमच्यासाठी नकोच.

क्रोमबुक कुणी घेणारच असेल तर अपडेटची शेवटची तारीख आधी बघा. २०२१ पासूनच्या मॉडेलना दहा वर्षं अपडेट मिळतात, पण ती दहा वर्षं मॉडेलचा प्लॅटफॉर्म (आतलं मूळ हार्डवेअर) आला तेव्हापासूनची, तुम्ही घेतल्यापासूनची नव्हे.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. फाइल शाबूत आहे हे वाचून आज पहिल्यांदा नीट जेवले. मग तिसराच घ्यावा असं दिसतंय. दुकानात काय काय तपासू? तिथे गेल्यावर मला काही सुचत नाही.

प्रतिसाद १

आय-फाइव्हच्या पुढचा आकडा बघा. चार आकडी असेल आणि ८ ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ ८२५० किंवा ८३५०, तर घ्या. ६ किंवा ७ ने सुरू होत असेल तर कितीही स्वस्त दिला तरी नको. तो पहिला आकडा म्हणजे प्रोसेसरची पिढी, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि सहाव्या-सातव्या पिढीची मशीन्स स्वस्तात दिसतात ती त्यामुळेच. त्यांच्यावर ११ आडमार्गाने घुसवलेलं असतं.

मग सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशन उघडा, डिजिटल लायसन्सचा उल्लेख हवा. बॅटरी रिपोर्ट काढून मागा. त्यात मूळ क्षमता आणि आता भरते ती क्षमता शेजारी शेजारी दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नवी बॅटरी मागा. आणि डोंगल सोबत न्याच, सॉफ्टवेअर ११ वर उघडतं का ते पैसे देण्याआधी बघा.

धागाकर्ती

आज जाऊन आले. प्रोसेसर ८३५०यू निघाला. बॅटरी मूळची ४८ वॅट-तास, आता २६. हे कागदावर लिहून दाखवल्यावर दुकानदाराने कुरकुर न करता नवी बॅटरी घालून दिली, वर आठशे रुपये घेतले. डोंगल लावला तर पहिल्यांदा ओळखलाच नाही. दुकानातल्या पोराने ड्रायव्हर टाकून मशीन परत चालू केलं आणि फाइल उघडली. 'आज रोजी ग्रामसभेची बैठक' ही ओळ नीट दिसली तेव्हा कुठे पैसे काढले. मुलगी बसमध्ये मांडीवर घेऊन बसली होती, पिशवीत ठेवू देईना.

आता एकच विचारायचंय. या जुन्या फायली हळूहळू युनिकोडमध्ये (जिथे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं) आणायच्या म्हणतेय, म्हणजे पुढे डोंगल गेला तरी अडणार नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, रूपांतर करताना तक्ते आणि जोडाक्षरं कुठे बिघडतात? रफार आणि पहिली वेलांटी यांची मला जास्त धास्ती आहे.