पहिलं मल्टिपिच: तयारी काय आणि किती? (अनुभव धागा)

नोव्हेंबर उजाडला, कातळ वाळला, की टॉप रोपवर (वरून लावलेल्या दोरावर) हात साफ केलेली नवी मंडळी विचारायला लागतात, ‘आता तैलबैला कधी, लिंगाणा कधी?’ म्हणजे सह्याद्रीच्या उभ्या कातळावरची अनेक टप्प्यांची चढाई, मल्टिपिच. जे नियमित लीड करतात (दोर घेऊन पहिले चढतात), स्टेशन (कातळावरचा दोर बांधायचा थांबा) सांभाळतात, नव्यांना घेऊन जातात, त्यांनी इथे लिहावं. काय शिकून यावं, सोबत काय असावं, घोळ नेमका कुठे होतो. प्रवासवर्णन नको, कामाचं हवं.

*

आधी एक फरक समजून घ्या. लिंगाण्यावर आधीच लावलेल्या फिक्स रोपवरून झुमार (दोरावर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) सरकवत माथ्यावर जाणं म्हणजे मल्टिपिच नव्हे. मल्टिपिचमध्ये लीडर एक टप्पा (पिच) चढतो, तिथे स्टेशन लावतो, सेकंडला (मागून येणाऱ्याला) वर घेतो आणि तिथूनच पुढचा टप्पा सुरू होतो. मधल्या स्टेशनवर जमीन नसते. वितभर कंगोऱ्यावर तिघांनी उभं राहून दोर, सामान आणि माणसं अदलाबदल करायची असतात.

चढाई अवघड म्हणून पहिलं मल्टिपिच फसल्याचं फार कमी वेळा दिसतं. फसतं ते स्टेशनवर. म्हणून सराव तिथलाच करा, आणि तोही जमिनीवर. छातीच्या उंचीवर दोन बोल्ट असलेला दगड शोधा. सेकंडने यायचं, आल्या आल्या क्लोव्ह हिच गाठीने स्वतःला मास्टर पॉइंटला (स्टेशनच्या मुख्य बिंदूला) अडकवायचं, कॅरॅबिनरचा (अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू बंद करून ओढून बघायचं, मगच ‘सेफ’ म्हणायचं आणि मगच त्याचा बिले (दोराने धरलेली सुरक्षा) काढायचा. गोळा केलेल्या क्विकड्रॉ (दोर बोल्टला अडकवायच्या जोडकड्या) लीडरच्या हातात द्यायच्या नाहीत, थेट त्याच्या हार्नेसच्या (कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याच्या) गिअर लूपमध्ये अडकवायच्या. हे सगळं दहा मिनिटांत, न बोलता, न अडखळता होईपर्यंत करत राहा. एकदा डोळे बांधूनही करा, कारण परतीला अंधार होऊ शकतो.

*

स्टेशनबद्दल सविस्तर लिहिते, कारण नवखे हाच भाग लीडरवर सोडून देतात.

कमीत कमी दोन स्वतंत्र पॉइंट (बोल्ट). ७ मिमीची सुमारे ६ मीटर कॉर्ड (दोरी) किंवा २४० सेंमीची स्लिंग (पट्टीचा बंद फास) दोन्हीत अडकवायची, ओढ ज्या दिशेने येणार त्या दिशेला धरायची आणि गाठ मारून मास्टर पॉइंट करायचा. गाठ मारा हे मुद्दाम सांगते. सरकत्या स्लिंगमध्ये एक बोल्ट निघाला तर सगळं स्टेशन झटक्याने दुसऱ्यावर जातं, आणि सह्याद्रीत जुन्या बोल्टवर तेवढा विश्वास टाकू नये. दोन बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. १२० अंशांवर प्रत्येक बोल्टवर पूर्ण वजन येतं, मग दोन असून उपयोग काय?

बोल्ट बघताना तीन गोष्टी: हँगर (बोल्टवरची कडी अडकवायची पट्टी) बोटाने फिरतो का, खाली गंजाचा ओघळ आहे का, आणि आजूबाजूला कॅरॅबिनर ठोकल्यावर कातळ पोकळ वाजतो का. भेगेत ठोकलेल्या जुन्या मेखा पावसाळ्यानंतर सैल झालेल्या असतात. त्या वाटेत वापरा, स्टेशनचा भार एकट्या मेखेवर नको.

गाइड मोडमध्ये, म्हणजे बिले डिव्हाइस (दोर पकडणारं साधन) थेट स्टेशनला लावताना, सेकंडकडे जाणारा पदर वर आणि ब्रेकचा पदर खाली. उलटं लागलं तर डिव्हाइस पकडतच नाही. म्हणून लावल्यावर सेकंडचा पदर जोरात ओढून बघायचा. आणखी एक: गाइड मोडमध्ये लटकलेल्या माणसाला खाली सोडणं सोपं नाही. त्याची रीत आणि तिचा बॅकअप शिकला नसाल तर मास्टर पॉइंटवर मन्टर हिचनेच (कॅरॅबिनरवरच्या सरकत्या गाठीनेच) बिले द्या. तिथून वर घेता येतं आणि खालीही सोडता येतं.

*

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. त्याला जोड म्हणून लीडरच्या बिलेचा मुद्दा. स्टेशनवरून ३ मीटर वर गेलेला लीडर एकही क्विकड्रॉ न लावता पडला तर तो ६ मीटर पडतो, मध्ये दोर फक्त ३ मीटर. फॉल फॅक्टर (पडण्याचं अंतर भागिले दोराची लांबी) २, आणि सगळा दणका बिले देणाऱ्यावर आणि स्टेशनवर. म्हणून निघताना पहिली क्विकड्रॉ स्टेशनच्या वरच्या भक्कम बोल्टला आणि दुसरी हात पोचेल तिथे लगेच.

दोर रचण्याकडेही लक्ष द्या. स्वतःच्या टेथरवर (स्टेशनला बांधून ठेवणाऱ्या दोरीवर) डावी-उजवीकडे लूप टाकायचे. पुढचा टप्पा सेकंड लीड करणार असेल तर आधी मोठे लूप, मग लहान होत जाणारे. तोच लीडर पुढे जाणार असेल (पहिल्या वेळी असंच असतं) तर उलट, लहानापासून मोठ्याकडे, आणि शेवटी पूर्ण गठ्ठा उचलून पलटी करून सेकंडच्या टेथरवर ठेवायचा. लूप खाली लोंबू दिले की ते निवडुंगात नाहीतर कपारीत अडकतात, आणि लीडर नेमका अवघड मूव्हवर असताना दोर येईनासा होतो.

आवाजाचं म्हणाल तर वाऱ्यात ३० मीटरवरून काहीही ऐकू येत नाही. हाका तीन-चारच ठेवा, प्रत्येकीत नाव घ्या, बाजूला दुसरी टीम असू शकते. त्याही ऐकू आल्या नाहीत तर खालच्याने लीडरचा बिले काढायचाच नाही, दोर देत राहायचा. दोर संपला, थांबला, मग पुन्हा थोडाथोडा वर खेचला जाऊ लागला, म्हणजे वरून बिले लागला असावा. तरीही निघण्याआधी मिनिटभर थांबा.

*

सामान थोडक्यात. हेल्मेट. ६० मीटरचा डायनॅमिक (ताणला जाणारा) सिंगल रोप, आपल्या धारदार बसाल्टवर ९.८ मिमीपेक्षा बारीक नको. प्रत्येकाकडे चार स्क्रू कॅरॅबिनर, १२० सेंमीच्या दोन स्लिंग, ६ मिमीचे दोन प्रुसिक (दोरावर आवळणारे दोरीचे फास), बिले डिव्हाइस, हेडलँप. माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं निम्मं भिंतीवर सोबत. शूज बोटं आवळणारे नकोत, चार-पाच तास पायात राहणार आहेत.

*

वेळेचं गणित कागदावर मांडा. चार पिच, तिघं जण. लीडरला ३० मिनिटं, दोघांना २०-२०, अदलाबदलीला १०. एका पिचला ८० मिनिटं, चारांना ५ तास २० मिनिटं. अदलाबदल २५ मिनिटांवर गेली की तासभर वाढला. रॅपलिंगला (दोरावरून उतरायला) दोन तास धरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पहिली पिच साडेसहा-सातला सुरू व्हायला हवी आणि ‘इथून परत’ ही वेळ खालीच ठरायला हवी.

रूट निवडताना तुम्ही आरामात चढता त्याहून दोन ग्रेड (काठिण्यपातळ्या) सोपा घ्या. होल्डवर (कातळावरच्या पकडीवर) वजन टाकण्याआधी तळहाताने थापटा, आणि सुटा वाटला तर बाहेर न ओढता खाली दाबून वापरा. काही सुटलंच तर आकार न बघता ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. खालच्याने वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं.

आग्यामाश्यांचं पोळं रूटजवळ दिसलं तर त्या दिवशी तो रूट नाही, यावर चर्चा नको. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा टाळा. भिंतीवर असताना माश्या उठल्याच तर चेहरा झाका आणि घाबरून सेफ्टी काढू नका.

निघण्याआधी मोहरी किंवा तैलबैला, जे पायथ्याचं गाव असेल तिथे माणसं किती आणि परत कधी हे सांगून ठेवा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन प्रत्येकाच्या फोनमध्ये हवी.

*

रॅपलिंगवर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. थकवा, घाई आणि ‘झालं आता’ हा भाव तिन्ही इथेच एकत्र येतात.

६० मीटरचा एक दोर दुहेरी केला की ३० मीटरच उतरता येतं. दोन दोर जोडायचे तर साधी ओव्हरहँड गाठ, शेपट्या किमान ३० सेंमी, चारही पदर वेगवेगळे ओढून घट्ट केलेले. ही गाठ कडेवर कमी अडकते. दोराच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र गाठ मारायचीच. डिव्हाइस स्लिंगने हार्नेसपासून थोडं वर घ्या, खाली बिले लूपला प्रुसिक लावा. मग टेथर अडकवलेलाच ठेवून पूर्ण वजन दोरावर टाका. डिव्हाइस आणि प्रुसिक दोन्ही पकडतात हे दिसलं की मग टेथर काढा.

कुठला दोर खेचायचा हे वरच मोठ्याने बोलून ठरवा. पहिला उतरणारा खाली स्टेशनला अडकला की त्याने हातभर दोर खेचून बघायचा. सरकत नसेल तर वरचा माणूस अजून तिथेच आहे, गाठ कडेच्या पुढे घेता येते. सगळे खाली आल्यावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो. आणि खेचण्याआधी टोकांच्या गाठी सोडल्यात ना, हे दोघांनी बघायचं.