वस्तीतली शाखा: दोन महिन्यांत मुलं निम्मी झाली, काय बदलावं?

पाटीपेन्सिल: नमस्कार. मुलांसाठी खेळ-उपक्रम घेणाऱ्या आमच्या गटाची तिसरी शाखा पुण्यातल्या एका वस्तीत, समाजमंदिरात सुरू झाली. रविवारी १० ते १२, पहिली ते आठवी. आधी ४० मुलं यायची, आता जेमतेम २०. सहा कार्यकर्ते आळीपाळीने येतात. मोठी मुलं मागे मोबाइल बघत बसतात.

खेळगडी: ४० चा आकडा सोडून द्या. दोन ताई-दादांना २० मुलं नावानिशी सांभाळता येतात, फार तर २५. खरं दुखणं आळीपाळीत आहे. मूल ताईच्या ओढीनं येतं. दर रविवारी नवा चेहरा आला की मागच्या वेळी कुठं थांबलो होतो हेच कुणाला ठाऊक नसतं. दोघांनी किमान तीन महिने शाखा धरून ठेवा. बाकीच्या चौघांकडे साहित्य, पालकभेटी आणि बदलीचं काम.

हजेरी मुली आणि मुलगे अशी वेगळी काढून पाहा. रविवारी सकाळी पाणी, धुणं, धाकटी भावंडं मुलींच्याच वाट्याला येतात. त्याच आधी गळल्या असतील तर शनिवारी ४ ते ५:३० करून बघा आणि भावंडाला सोबत आणू द्या. कोपऱ्यात एक सतरंजी, पाटी-खडू पुरतात.

सातवी-आठवीच्या मुलांना पुस्तकपेटीची नोंदवही सोपवा. नुसतं बसवून ठेवलं तर मोबाइल निघणारच.

रविवारची पेटी: दीड तासात एकच उपक्रम घ्या, पण मुलाच्या हाताला काम देणारा. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी घराघरात पोचवलेली काड्यापेटीच्या काड्यांची रचना घ्या. लाकडी काड्याच आणा, मेणाच्या वाकतात. टोकाचं गुल भिजवून मोठ्यांनी आधीच खरवडायचं आणि काड्या वाळवायच्या. काड्या कोपऱ्यात जोडायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे (बारीक रबरी नळीचे) दीड सेंमीचे तुकडे कापा. त्रिकोणाला तीन, चौकोनाला चार, म्हणजे एका मुलामागे ७ काड्या आणि साडेदहा सेंमी ट्यूब. २५ मुलांना ३ मीटर ट्यूब पुरते.

चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. मग म्हणायचं, चौकोन घट्ट करून दाखवा. मुलं तिरकी काडी लावायला जातात आणि ती पुरत नाही! इथे घाईनं उत्तर सांगू नका. कुणी खराट्याची लांब काडी शोधतं, कुणी चौकोन कलंडवून तीच काडी बसवतं. दहा मिनिटं त्यांना झटू द्या, सगळी गंमत तिथेच आहे. नंतर मांडवाचे तिरके बांबू, विजेचा मनोरा दाखवायला बाहेर न्या.

कंदील: शाखा वाढवण्याआधी हे करा. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, त्यांतली एक बाई. पालकांची लेखी संमती आणि फोन नंबर हजेरीवहीतच. चेहरे दिसणारे फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. मूल काही सांगू लागलं तर ऐका, उलटतपासणी नको. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी पॉक्सो कायद्याखाली (२०१२) पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. संस्थेत बैठक घेऊन ठरवण्याची ती बाब नव्हे. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

पाटीपेन्सिल: शनिवारचं करून बघतो. तिरक्या काडीसाठी ट्यूबला भोक कशानं पाडायचं?

रविवारची पेटी: जाड सुईनं, तुकड्याच्या मधोमध, आरपार. काडीचं टोक थोडं तासून घाला. दोन्ही बाजूंच्या काड्या आत अर्धा सेंमीच सरकवा. जास्त गेल्या तर मधे जागाच उरत नाही आणि तिसरी काडी ट्यूब फाडते.