प्रतिसाद: वादळानंतर ग्रीन्सबर्गची शाळा

'इतक्या लहान गावात एवढी महागडी शाळा कशाला?' हा वादळानंतर ग्रीन्सबर्गमध्ये बांधलेल्या नव्या शाळेबद्दलचा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्गला शाळेशिवाय गाव धरून ठेवणारं दुसरं होतं तरी काय?

४ मे २००७, शुक्रवार. रात्री पावणेदहाच्या सुमारास पावणेदोन मैल रुंदीचा टॉर्नेडो गावावरून गेला. सुमारे ९५ टक्के गाव भुईसपाट झालं, त्यात शाळाही गेली. टॉर्नेडोची तीव्रता सांगणारी नवी ईएफ श्रेणी त्याच वर्षी लागू झाली होती आणि तिच्यातला हा पहिला ईएफ-५, म्हणजे सर्वात वरच्या पातळीचा. रात्रीची वेळ म्हणून वर्ग तरी रिकामे होते. दोनच महिने आधी, १ मार्चला, अलाबामातल्या एंटरप्राइझ हायस्कूलवर भर दुपारी टॉर्नेडो आला. तिथे मुलं आसऱ्याला ज्या कॉरिडॉरमध्ये बसली होती तोच कोसळला आणि आठ विद्यार्थी गेले. 'कॉरिडॉर सुरक्षित असतो' हे सरसकट म्हणणं मला त्यामुळेच पटत नाही.

ग्रीन्सबर्गमध्ये त्याच ऑगस्टला ट्रेलरांत वर्ग भरले. मे २००८ च्या पदवीदान समारंभात अध्यक्ष बुश यांचं भाषण झालं (राजकारण्यांना अशी जागा बरी सापडते!). २०१० मध्ये बालवाडी ते बारावी अशी नवी इमारत उघडली. तिला कत्रिना वादळातून वाचवलेलं लाकूड वापरलंय, शिवाय आवारात पवनचक्की.

तुमची शंका मात्र अगदीच चुकीची नाही. २००० च्या जनगणनेत १,५७४ माणसं होती, २०१० ला उरली ७७७. आता शाळा साऱ्या कायोवा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) नावाने चालते.