मदत हवी आहे: येळवशीआधी (वेळ अमावास्या, शेतात जेवणाचा सण) कारवानी कुत्र्याला माणसांची सवय कशी लावू?

राम राम मंडळी. औशाजवळ शेतातच घर आहे आमचं. सव्वा वर्षाचा कारवानी नर आहे, नाव सर्जा. नाव बैलाचं, पण बैलाची शांतता औषधालाही नाही. रेबीजची लस झालेली आहे. चावला कुणालाच नाही, पण गेल्या महिन्यात दूधवाल्याची पँट फाडली, तेव्हापासून माझी झोप उडालीय.

दिवसा साखळीवर, रात्री मोकळा. वाटेवर कुणी दिसलं की साखळी ताणून दोन पायांवर उभा. त्यात दुचाकी किंवा पळणारी लेकरं असली की संपलंच. नजरेवर शिकार करणारी जात, पळणारं दिसलं की डोकं बंद होतं, हे कळतं मला.

आधी माझंच चुकलं. गुरगुरला की ओरडायचो, एकदोनदा चपलीनं मारलं. त्यानं गुरगुरणं सोडलं आणि मी खूश! आता न सांगताच अंगावर जातो. पँटीचा प्रकार त्यातलाच.

दोन आठवडे झाले, पहाटे साडेपाचला धुऱ्यानं तासभर फिरवतो. मग छातीचा पट्टा, लांब दोर, अन् वाटेपासून चाळीस पावलांवर थांबतो. माणूस दिसला की भुंकायच्या आत उकडलेल्या कलेजीचा तुकडा. माणूस गेला की तुकडे बंद. आता तिथं माणूस दिसला की तो वळून माझ्याकडं बघतो! पण पंचवीसवर गेलो की परत तेच. कलेजी नाकाला लावली तरी घेत नाही.

वडील म्हणतात, "राखणीचं कुत्रं गरीब करतोस का? रानडुकरं काय कलेजी दाखवून हाकलणार?" त्यांचंही खोटं नाही. पाहुण्यांसमोर दम धरावा, एवढंच हवंय मला.

येळवस सव्वा महिन्यावर आलीय. शेतातल्या कडब्याच्या कोपीपाशी चाळीसेक माणसं, पोरांचा दंगा, भज्जीचा वास. मुसकं घालून सोबत बसवू का? आणि पंचवीसवर कसा आणू?

उत्तर (उदगीर)
दादा, येळवशीला त्याला माणसांत आणूच नका. एवढ्या दिवसांत हे होत नसतं. पहाटे दमवा, लांबच्या गोठ्यात ठेवा, चघळायला कच्चं हाड द्या (शिजवलेलं नको, कपच्या घशात जातात) आणि घरचं एक माणूस जवळ बसवा. चाळीसवरून एकदम पंचवीस कशाला? दोन-दोन पावलं सरका. तुकडा नाकारला की समजा जास्त पुढं आलात, मागं फिरा. मुसकं जाळीचंच घ्या, तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. आधी त्यात तुकडा टाकून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, बांधायची घाई नको. आणि सगळ्यात आधी ती दिवसभराची साखळी! वाट दिसते पण जाता येत नाही, त्यातच तो तापतो. आडोसा करून आतल्या आत मोकळा राहील असं बघा.

धागाकर्ता
पटलं. उद्याच वाटेच्या बाजूनं कडब्याच्या पेंढ्या रचतो, मागं जाळी आहेच. गोठ्यात वडिलांनाच बसवतो, भज्जी-आंबील तिथं पोचली पाहिजे एवढीच त्यांची अट.