पडद्यामागची ऑडिशन आणि कुमिकोची हार

‘हिबिके! यूफोनियम’ हा शाळेच्या वाद्यवृंदावरचा जपानी ॲनिमे. तिसऱ्या सीझनमध्ये (2024) त्याची नायिका कुमिको सोलीसाठी, म्हणजे ट्रम्पेट वाजवणाऱ्या रेनासोबतच्या जोडीच्या भागासाठी, पडद्यामागून ऑडिशन देते आणि यूफोनियमच वाजवणाऱ्या मायूकडून हरते. मूळ कादंबरीत कुमिको जिंकते, म्हणून ही हार ओढूनताणून आणलीय, हे मला अजिबात पटत नाही. 2015च्या पहिल्या सीझनमधली ट्रम्पेटची ऑडिशन आठवा. सिनियर काओरी आणि ज्युनियर रेना सगळ्यांसमोर वाजवतात, कौल टाळ्यांवर, आणि बहुतेक जण गप्पच बसतात. कोण वाजवतंय हे दिसलं की सिनियर-ज्युनियर आड येतंच. पडदा हा त्यावरचाच इलाज.

यूफोनियम हे पितळी फुंकवाद्य; त्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, त्यामुळे सूर गोल आणि मऊ. दोन तयार वादकांमधला फरक मग स्वर जिभेने कसा सुटतो आणि ओळीच्या शेवटी श्वास कितपत पुरतो, अशा बारकाव्यांत कळतो. सोलीत शेजारी वाजवणाऱ्या रेनाला तो ओळखू येणारच. मतं समसमान झाल्यावर तिने मायूला निवडलं, ते कुमिकोचा सूर ओळखूनच. म्हणून तर तो प्रसंग इतका लागतो!

माझी तक्रार वेगळी आहे. स्पर्धेत 55 वादक, ठरवून दिलेली आणि स्वतः निवडलेली अशा दोन्ही रचना मिळून 12 मिनिटं, आणि क्लबमध्ये प्रत्येक फेरीआधी नवी ऑडिशन. सोलीची जोडी बदलली की श्वासाच्या जागा आणि सुरांची जुळणी पुन्हा बसवावी लागते. ती तालीम अर्धा भाग तरी दाखवायला हवी होती.