डेस्कटॉप आत्ता घ्यायचा, की रॅम उतरेपर्यंत थांबायचं?

अक्षरजुळणी
२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले आणि तेव्हापासून जो तो एकच सांगतोय, ‘आत्ता डेस्कटॉप घेऊ नका.’ मला हा सल्ला सरसकट पटत नाही. ज्याचं काम मशीनमुळे अडतंय त्याने आत्ताच घ्यावा, असं माझं मत आहे. खोडून काढायचं असेल तर जरूर काढा, कारण मला खरंच निर्णय घ्यायचाय.

माझं काम पुस्तकांच्या मांडणीचं, हल्ली जोडीला छोटे व्हिडिओ. मशीनमध्ये इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ (जुन्या पिढीची रॅम) आणि साधी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलची निदान आठवी पिढी लागते, म्हणजे तोही रस्ता बंद.

थांबायचं तर किती? मेमरी बनवणाऱ्या बड्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघींचाही ओढा आता एआयच्या डेटा सेंटरकडे. तिथे लागणारी एचबीएम मेमरी तेवढ्याच जीबीसाठी साध्या रॅमच्या जवळपास तिप्पट वेफर (चिप घडवायची सिलिकॉनची चकती) खाते. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवा कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला वर्षं जातात. चार-सहा महिने कळ काढून पदरात काय पडणार?

हिशेबनीस
साफ असहमत. मेमरीचा धंदा चक्राने चालतो. भाव चढले की कंपन्या उत्पादन वाढवतात, मागणी जरा थंडावली की माल पडून राहतो आणि भाव कोसळतात. २०१७-१८ मध्ये रॅम अशीच महागली होती, २०१९ मध्ये उतरली. २०२३ मध्ये तर इतकी घसरली की कंपन्यांनी आपणहून उत्पादन कमी केलं. ग्राफिक कार्डांचंही तेच. २०२१ मध्ये कार्ड मिळता मिळत नव्हतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने ग्राफिक कार्डांवर चालणारी मायनिंगची पद्धत सोडली आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. ज्यांनी तोवर धीर धरला ते फायद्यात राहिले.

आणि ‘रस्ता बंद’ हे काही खरं नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केलेत. तेवढा वेळ हातात आहे. भाव टोकाला असताना उडी का मारायची?

खटपट्या
हिशेबनीसांना दुजोरा. मुळात त्या मशीनचं घोडं हार्ड डिस्कवर अडतंय. डिस्कमधलं डोकं योग्य जागी पोचायलाच दरवेळी साधारण १० मिलिसेकंद घेतं, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो बारक्या फायली वाचल्या जातात. एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या डिस्कला) त्याच कामाला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. त्या काळच्या बहुतेक मदरबोर्डांना एम.२ चा (वेगवान एसएसडीसाठीचा) स्लॉट नसतो, पण साटा (डिस्कची जुनी जोडणी) असतोच. साटावर सेकंदाला ५५० एमबीच्या आसपासच वेग मिळेल, तरी फरक डोळ्यांत भरेल. एसएसडीही महागल्यात, मान्य. पण अख्ख्या मशीनपुढे तो खर्च किरकोळ, आणि तीच एसएसडी पुढे नव्या मशीनलाही लागते.

सोबत ८ जीबी डीडीआर३ ची जुनी जोडी मिळाली तर १६ होईल. मांडणीच्या कामाला तेवढं पुष्कळ आहे.

रात्रपाळी
खटपट्या, मांडणीपुरतं तुमचं बरोबर आहे. पण त्यांनी व्हिडिओ म्हटलंय, ते तुम्ही सोडून दिलंत.

आजचे बरेच फोन एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत चित्रीकरण करतात. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये एच.२६५ उलगडणारं स्वतंत्र सर्किटच नाही. ते सहाव्या पिढीत आलं, आणि १०-बिटचं (जास्त रंगछटांचं) सातव्या पिढीत. म्हणजे ४के ची क्लिप टाइमलाइनवर टाकली की प्रत्येक फ्रेम चार कोअरना स्वतःच्या ताकदीवर उलगडावी लागते. टास्क मॅनेजर उघडून बघा: सीपीयू १००% ला चिकटलेला, आणि डिस्क जवळजवळ रिकामी. आवाज पुढे निघून जातो, चित्र मागे अडकून राहतं. एक कट द्यायचा तर नेमकी जागा सापडत नाही. इथे एसएसडी घाला नाहीतर रॅम दुप्पट करा, काडीचा फरक पडणार नाही.

खटपट्या
प्रॉक्सी करा की. क्लिपच्या हलक्या प्रती बनवून त्यांवर काटछाट करायची, शेवटी मूळ क्लिपवरून एक्सपोर्ट. जवळपास सगळ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

रात्रपाळी
करता येतं, मीही करतो. पण त्या हलक्या प्रती बनवायलाही आधी एच.२६५ उलगडावंच लागतं, आणि ते करणार तोच प्रोसेसर. तासाभराचं चित्रीकरण असेल तर मशीन कित्येक तास त्यातच गुंतून राहतं. ज्याचा कामाचा आणि व्हिडिओचा संगणक एकच आहे, त्याने तोवर करायचं काय? महिन्यातून एखादी क्लिप असेल तर ठीक, रोजचं काम असेल तर ही दुधाची तहान ताकावर भागवणं झालं.

पेंग्विनप्रेमी
विंडोज संपलं म्हणून मशीन संपलं असं होत नाही. या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट उत्तम चालेल आणि सुरक्षा अपडेटही मिळत राहतील. मांडणीला स्क्रायबस आहे, व्हिडिओला केडेनलाइव्ह. धडधाकट मशीन भंगारात जाताना बघवत नाही.

अक्षरजुळणी
पेंग्विनप्रेमी, सूचना मनापासून आवडली. पण प्रकाशकांकडून येणाऱ्या फायली इनडिझाइनच्या असतात, आणि स्क्रायबस त्या थेट उघडत नाही. शिवाय जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतला मजकूर अजूनही येतो. ओळ कुठे तुटली, जोडाक्षर कुठे फुटलं, हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल बनली त्यातच तपासावं लागतं. माझं पोट त्यावर आहे. जुन्या मशीनवर मात्र मिंट नक्की घालेन. ते मजकूर वाचायला आणि बॅकअपला वापरता येईल.

हिशेबनीस, तुमचीच उदाहरणं घेऊ. २०१७ च्या सुरुवातीला जो थांबला त्याला २०१९ पर्यंत थांबावं लागलं. ग्राफिक कार्डासाठी २०२० च्या अखेरीपासून थांबलेल्याला जवळपास दोन वर्षं. भाव उतरतात हे खरंच, पण कधी, ते आधी कोणालाच कळत नाही. तोवर माझे कामाचे तास वाया जातात, ते तुमच्या वहीत कुठे मांडलेत?

हिशेबनीस
तास मांडायला हवेत, हा मुद्दा मान्य. पण मग पूर्ण मांडा. सगळं आजच, सगळं सर्वोत्तम, असं करू नका. जे नंतर बदलता येतं ते आज कमी घ्या, जे बदलणं अवघड ते आज नीट घ्या. ग्राफिक कार्ड आज मुळीच नको. रॅमही गरजेपुरती.

फ्रेमरेट
आणि नव्या पिढीसाठीही थांबू नका. नवं म्हणजे बिनघोर असं नसतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होत होते. तेरावी पिढी २०२२ ची, आणि त्यावरचा उपाय, म्हणजे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना), आला ऑगस्ट २०२४ मध्ये. इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

एएमडीचं एएम५ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) २०२२ पासून आहे आणि २०२७ पर्यंत तरी त्यावर नवे प्रोसेसर देऊ, असं कंपनीने सांगितलंय. आधीचं एएम४ बघा: रायझन २०१७ मध्ये आलं आणि २०२४ मध्येही त्या सॉकेटसाठी नवा प्रोसेसर निघाला. आज मधला प्रोसेसर घ्या, गरज पडली तर पुढे बोर्ड न बदलता वरचा बसवा.

रात्रपाळी
व्हिडिओसाठी इंटेल घ्यायचा ठरला तर एक जपा: नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला घेऊ नका. त्यात अंगचं ग्राफिक नसतं (एच.२६५ चं सर्किट त्यातच असतं), म्हणजे ज्या एच.२६५ साठी हा सगळा खटाटोप तेच हातचं जाईल. स्वस्त दिसतो म्हणून खूप जण तोच उचलतात. एएमडीतही ‘एफ’वाल्यांना ग्राफिक नसतं.

खटपट्या
मी अजूनही थांबा याच मताचा आहे, पण घेणारच असाल तर १६ जीबीची एकच पट्टी घ्या. दुसरी भाव उतरल्यावर.

फ्रेमरेट
नको. ग्राफिक कार्ड नाही, म्हणजे अंगचं ग्राफिक मेन मेमरीच वापरणार. एका पट्टीवर बँडविड्थ (माहिती वाहण्याचा वेग) निम्मी होते आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका नेमका ग्राफिकलाच बसतो. शिवाय वर्षभराने घेतलेली पट्टी तशाच चिपची निघेल याची खात्री नाही. डीडीआर५ अशा मिसळीला फार सोशीक नाही.

अक्षरजुळणी
तर मग १६ च्या दोन पट्ट्या, मधल्या दर्जाचा प्रोसेसर अंगच्या ग्राफिकसह, आणि चांगला बोर्ड. ग्राफिक कार्ड आत्ता नाही. जुनी हार्ड डिस्क बॅकअपला. या महिन्यातच घेतोय.

हिशेबनीस
३२ जीबी आज घेणं मला अजूनही पटत नाही, ८ च्या दोन पट्ट्यांवर वर्ष काढता आलं असतं. पण तुमचं काम तुम्हाला जास्त ठाऊक. फक्त पॉवर सप्लाय पुढच्या ग्राफिक कार्डाचा विचार करून घ्या, आणि डेटा एकट्या त्या जुन्या डिस्कच्या भरवशावर ठेवू नका. तिचं वय बघता दुसरी प्रत हवीच.