धारावीचे कौतुक पुरे, वॉर्ड वॉर रूमचे काय?

धागाकर्ता:
कोविडकाळातील मुंबई महापालिकेच्या कामाचा विषय निघाला की गाडी धारावीवर येऊन थांबते. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले, तेव्हापासूनचा हा परिपाठ आहे. माझ्या मते मुंबईला तारले ते खाटांचे वाटप २४ वॉर्डांकडे सोपवण्याच्या रुक्ष निर्णयाने. त्याआधी सारा भार १९१६ या एका हेल्पलाइनवर होता. बाधित असल्याचा अहवाल हाती पडताच ज्याची ओळख असेल तो फोनाफोनी करून खाट अडवून बसे, मग त्याला लक्षणे असोत वा नसोत. मे २०२० मध्ये इक्बालसिंह चहल आयुक्त झाल्यानंतर, प्रयोगशाळांचे अहवाल आधी पालिकेकडे, तेथून वॉर्डनिहाय याद्या आणि मग वॉर रूममधून, म्हणजे त्या वॉर्डाच्या नियंत्रण कक्षातून, रुग्णाला फोन, अशी घडी बसवण्यात आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये वडिलांसाठी आलेला फोन मला आठवतो. डॉक्टरांनी पहिल्यांदा ऑक्सिमीटरवरचा आकडा विचारला आणि लगेच घरात संडास किती आहेत, हे विचारले. आकडा ९६ होता, संडास दोन होते. वडील घरीच राहिले आणि एक खाट दुसऱ्या कोणासाठी वाचली.

प्रतिसाद १:
आपण ज्याला घडी म्हणता, तिची पहिली पायरीच मला आक्षेपार्ह वाटते. स्वतःच्या घशातील नमुन्याचा निकाल स्वतःला सर्वांत शेवटी कळावा, हे कोणत्या न्यायाने? जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही महाराष्ट्राला सांगावे लागले की अहवाल रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना दिला पाहिजे. आमच्या शेजारच्या काकूंना त्या दिवसांत दोन दिवस काहीच कळवले गेले नाही, आणि तेवढ्या काळात त्या नातवाला मांडीवर घेऊन जेवू घालत होत्या.

प्रतिसाद २:
धारावीला असे मोडीत काढू नका. १ एप्रिल २०२० ला तेथे पहिला रुग्ण सापडला, तेव्हा धारावी ज्यात येते त्या जी-उत्तर वॉर्डापुढचा प्रश्न 'घरी विलगीकरण' या शब्दांनी सुटण्यासारखा नव्हता. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे आणि शेकडो जणांनी वापरलेली सार्वजनिक शौचालयाची एकच कडी, तेथे अंतर ठेवणार कसे? म्हणून शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण झाले, शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी घेतली गेली, आणि गल्लीतल्या लोकांचा ज्यांच्यावर विश्वास होता ते खासगी डॉक्टर ताप तपासणीसाठी बरोबर आले. वॉर्डाने आपापली गल्ली ओळखून काम करणे म्हणजे तरी दुसरे काय?

प्रतिसाद ३:
दोघांनीही श्रेय वाटून घेण्याची घाई केली आहे. जुलै २०२० च्या रक्त तपासणी सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, इमारतींत १६ टक्के. म्हणजे विषाणू वस्त्यांतून मनसोक्त फिरून गेला आणि आपण त्याला रोखल्याच्या गोष्टी सांगत बसलो. शिवाय आधी न मोजलेले ८६२ मृत्यू जूनमध्ये मुंबईच्या यादीत एकदम घालावे लागले, ते वेगळेच.

धागाकर्ता:
ते सर्वेक्षण माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या तीन वॉर्डांतले होते, धारावी त्यात नव्हती. तेव्हा धारावीच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याचा दाखला देताना जपून राहावे. मृत्यूंबाबतची टीका मात्र मान्य. अहवालाबाबत प्रतिसाद १ शी मी निम्मा सहमत आहे: निकाल रुग्णाला त्याच क्षणी मिळायला हवा होता, खाट मात्र वॉर्डानेच द्यायला हवी होती, आणि या दोन गोष्टींची गाठ मारण्याचे कारण नव्हते. पण दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायू अपुरा पडला तेव्हा सहा रुग्णालयांतील १६८ रुग्ण एका रात्रीत इतरत्र हलवता आले, ते कोठे खाट मोकळी आहे हे माहीत होते म्हणूनच. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राणवायूच्या व्यवस्थापनाबाबत दिल्लीला मुंबईकडून शिकायला सांगितले.

प्रतिसाद १:
शिकायचेच असेल तर कागदपत्रेही दाखवावीत. कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, पालिकेच्या कामांचे विशेष लेखापरीक्षण केले, तेव्हा साथरोग कायद्याचा आधार घेऊन कोविड खर्चाच्या नस्त्या देण्यास पालिकेने नकार दिला. कायदा १८९७ चा, प्लेगच्या साथीतला. त्याने साथ आटोक्यात आणायची होती, जंबो केंद्रांची, म्हणजे तात्पुरत्या मोठ्या कोविड रुग्णालयांची, बिले झाकायची नव्हती.